बावीस अंश आणि एक भाऊबीज

गेल्या पंधरवड्यांत आमच्या शेजारच्या घरीं पेढे वाटले गेले. त्या घरच्या मुलास आसामांत तेलविहिरींच्या कामावर चांगली जागा मिळाली आणि दिब्रुगडास रुजू होण्याचा हुकूम आला. पेढ्यांची बशी घेऊन त्याच्या मातोश्री स्वतः आल्या. बशी माझ्यापुढें ठेवून त्यांनीं पदरानें चष्मा पुसला आणि विचारलें, "गुरुजी, तुम्ही जाऊन आलां आहांत म्हणून विचारतें. मुलगा म्हणतो, कोल्हापूरहून दिब्रुगड विमानानें साडेतीन तासांवर आहे. फोनवर तसें दिसतें म्हणे. साडेतीन तास म्हणजे एस. टी.नें पुण्यास जाण्यापेक्षांहि कमीच! होय ना?"

मीं आधीं पेढा तोंडांत घातला. तोंड भरलेलें असलें म्हणजे उत्तर लांबवितां येतें, ही युक्ति मी वर्गांतल्या पोरांकडून शिकलों आहें. कारण त्या माउलीच्या प्रश्नास 'होय' म्हणावें तर तें खरें होतें आणि 'नाहीं' म्हणावें तर तेंहि खरें होतें. हेंच साडेतीन तासांचें उत्तर प्रमाण मानून मी एकदां घरांतून निघालों होतों, आणि त्या हिशेबाची किंमत मला नव्हे, माझ्या थोरल्या बहिणीला द्यावी लागली. ती हकीकत पुढें येईलच. त्यापूर्वीं हें अंतर म्हणजे काय आणि हा वेळ म्हणजे काय, याचा थोडा विचार करूं.

दोन गांवांमधील 'हवाई अंतर' हें कोणी फीत धरून मोजीत नाहीं. तें गणितानें काढतात. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश व रेखांश ठरलेले असतात. कोल्हापूरचा तळ उजळाईवाडीस, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १६ अंश ४० कलांवर आणि ७४ अंश १७ कला पूर्व रेखांशावर आहे. दिब्रुगडचा तळ मोहनबारीस, २७ अंश २९ कला उत्तर व ९५ अंश १ कला पूर्व येथें आहे. घरांत पृथ्वीचा गोल असेल तर मुलांना जवळ बसवा आणि या दोन ठिकाणांमध्यें एक दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा गोलावर जी वाट धरतो ती सर्वांत जवळची वाट. गणिती तिला महावृत्ताचा कंस म्हणतात, कारण ती तशीच पुढें वाढविली तर पृथ्वीला बरोबर दोन सारख्या अर्धांत विभागणारें वर्तुळ तयार होतें.

या कंसाचें माप कोल्हापूर-दिब्रुगडच्या बाबतींत जवळजवळ नेमकें बावीस अंश येतें. वर्तुळाचे अंश ३६० आणि प्रत्येक अंशाच्या कला ६०, म्हणून पूर्ण वर्तुळाच्या कला २१,६००. हें आपल्या ज्योतिषाचा पहिला धडा गिरविणाऱ्यासहि ठाऊक असतें. पण वैमानिक व खलाशी आजहि ज्या मापानें अंतर मोजतात तो नाविक मैल म्हणजे पृथ्वीच्या महावृत्तावरची एक कलाच होय, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. तो १,८५२ मीटरांचा धरतात. बावीस अंशांच्या कला १,३२०. तेवढेच नाविक मैल. आणि त्याचे किलोमीटर सुमारें २,४४६. भास्कराचार्यांनीं आपल्या सिद्धान्तशिरोमणींत, म्हणजे ११५० सालीं, पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजनें दिला आहे. त्या मानानें हेंच अंतर तीनशें साडेतीन योजनें भरेल. माप कोणतेंहि घ्या, कोन बावीस अंशांचाच राहतो.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ आणि गोलावरचा दोरा या दोहोंत फरक पडतो, असें मी वर्गांत मोठ्या ऐटीनें सांगत असें. या जोडीच्या बाबतींत मात्र तो फरक अवघा दोन-तीन किलोमीटरांचा आहे, कारण दोन्ही गांवें विषुववृत्तापासून फार दूर नाहींत. दिल्लीहून न्यूयॉर्कला जावयाचें असेल तर गोष्ट निराळी. तेथें जवळची वाट उत्तर ध्रुवप्रदेशावरून जाते आणि नकाशावर पाहणारास ती उगाच वळसा घेते असें वाटतें.

आतां वेळ. मोठें जेट विमान साधारणतः ताशीं आठशें ते साडेआठशें किलोमीटर वेगानें जातें. २,४४६ ला ८२० नें भागा. तीन तासांस एक-दोन मिनिटें कमी येतात. शिवाय विमान जमिनीवरून एकदम त्या वेगास पोंचत नाहीं. चढण्यांत, उतरण्यांत आणि धावपट्टीच्या दिशेस वळण्यांत जो वेग कमी पडतो त्याची भरपाई म्हणून हिशेब करणारे अर्धा तास मिळवितात. झाले साडेतीन तास. फोनवर दिसणारा आंकडा येतो तो असा. त्यांत लबाडी कांहीं नाहीं. पण तो भागाकार आहे, वेळापत्रक नव्हे.

या भागाकारांत वारा धरलेला नसतो. हिंवाळ्यांत उत्तर भारतावरून, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रचंड वायुप्रवाह वाहतो. त्याच्या गाभ्यांत वेग ताशीं दीडशें किलोमीटरांच्याहि वर जातो. पूर्वेकडे निघालेलें विमान त्या प्रवाहांत सांपडलें कीं नदीच्या ओघाबरोबर जाणाऱ्या होडीसारखें पुढें सरकतें. परत येतांना तोच ओघ छातीवर घ्यावा लागतो. सगळ्या वाटेवर सरासरी ताशीं ऐंशी किलोमीटरांचें साह्य धरलें, तर आपले तीन तास जातांना पावणेतीनच्या आंत येतात आणि येतांना सव्वातीनच्या पुढें जातात. अंतर तेंच, विमान तेंच, फरक पस्तीस मिनिटांचा! आणि पावसाळ्यांत दक्षिण भारताच्या माथ्यावर हें चित्र उलटतें. तेव्हां फार उंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहूं लागतात. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळें हा पूर्वेचा प्रवाह जगाच्या नजरेस आला.

पण खरी अडचण वाऱ्याची नव्हे. कोल्हापूरहून दिब्रुगडास जाणारें विमानच नाहीं, ही खरी अडचण आहे. आणि तें नसण्यांत कोणाचा दोष आहे असेंहि नाहीं. एका मोठ्या जेट विमानांत दीडशें-पावणेदोनशें माणसें बसतात. रोज सकाळीं कोल्हापुरांत दिब्रुगडास जाणारीं दीडशें माणसें कोठून आणावीं? लहान, पंख्याचें विमान घेतलें तर तें सत्तर माणसांत भागतें. पण तें ताशीं पांचशें किलोमीटरांच्या आसपास चालणारें, आखूड पल्ल्याचें. त्याला एवढी मजल झेपत नाहीं. कोल्हापूरचा तळ छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं सुरू झाला. मध्यंतरीं कित्येक वर्षें तेथें नियमित विमान येत नव्हतें. सरकारनें लहान गांवांसाठीं 'उडान' योजना काढली, २०१७ सालीं तिचें पहिलें विमान सिमल्याहून दिल्लीस उडालें, आणि पुढें आपल्या गांवावरूनहि विमानांचा आवाज पुन्हां नित्याचा झाला. परंतु असल्या योजनेनें लहान गांव मोठ्या शहरास जोडलें जातें. एक लहान गांव दूरच्या दुसऱ्या लहान गांवास जोडलें जात नाहीं. मधल्या मोठ्या शहरांत उतरावें लागतें आणि दुसरें विमान धरावें लागतें.

वाट वांकडी झाली म्हणजे अंतर फार वाढत असेल, असें आपणांस वाटतें. माझीहि तीच समजूत होती. कोल्हापूर ते हैदराबाद ४४५ किलोमीटर, हैदराबाद ते कलकत्ता १,२०७, कलकत्ता ते दिब्रुगड ८५२. बेरीज २,५०४. म्हणजे दोन ठिकाणीं उतरूनहि सरळ वाटेपेक्षां अवघे अठ्ठावन्न किलोमीटर अधिक! तेवढें अंतर विमान चार-पांच मिनिटांत तोडतें. मुंबई-दिल्लीवरून गेलें तर मात्र बेरीज ३,२०० च्या घरांत जाते. तेव्हां वांकड्या वाटांतहि शहाणी वाट व वेडी वाट असा भेद आहे. कालिदासाच्या यक्षानें रामगिरीहून, म्हणजे विद्वानांच्या मतें आपल्या नागपूरजवळच्या रामटेकाहून, मेघास उत्तरेकडे धाडलें तेव्हां वाट थोडी वांकडी झाली तरी उज्जयिनी चुकवूं नकोस असें बजावलें होतें. त्या मेघास उज्जयिनींत उतरून पुढच्या विमानासाठीं बसून राहावें लागलें नाहीं, एवढाच काय तो फरक. आमचा वेळ जातो तो वळणांत नव्हे, थांब्यांत.

मोहनबारीच्या तळाची एक आठवण या ठिकाणीं सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ ते १९४५ या काळांत, आसामांतील ज्या तळांवरून चीनमधील कुन्मिंगकडे रसद जात असे त्यांपैकीं मोहनबारी हा एक. तेथून कुन्मिंग सुमारें आठशें किलोमीटर. म्हणजे मोहनबारीहून कलकत्त्यापेक्षां थोडें जवळच. परंतु मध्यें हिमालयाच्या पूर्वेकडील उत्तुंग रांगा, वादळें आणि पंखांवर सांचणारें बर्फ. त्या वाटेवर शेंकडों विमानें पडलीं आणि हजाराहून अधिक माणसें गेलीं. एकाच तळापासून जवळजवळ सारख्याच अंतरावरच्या दोन वाटा. एका वाटेनें आज माणूस चहा पितां पितां पोंचतो, आणि दुसऱ्या वाटेवर तेव्हां पोरें जिवावर उदार होऊन निघत. अंतराच्या आंकड्यांत हें कांहींच दिसत नाहीं.

आतां माझी हकीकत.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतों, १९७४ सालीं लग्न होऊन आसामांत गेली. भावोजी तेलाच्या कंपनींत नोकरीस होते. तेव्हां कोल्हापूरहून निघाल्यापासून दिब्रुगडास पाय टेंकेपर्यंत पांच दिवस मोडत. कलकत्त्यापर्यंत एक प्रवास, तेथून पुढें दुसरा, आणि आसामांत शिरल्यावर मीटरगेजच्या छोट्या गाडींत सामानासकट बदल. पहिल्या दिवाळसणास ती माहेरीं आली. त्यानंतर दिवाळीस म्हणून आली नाहीं. उन्हाळ्यांत दोन-तीन वर्षांनीं यायची, आंबे खायची, जायची. मी शाळेला बांधलेला. दिवाळीच्या सुटींत पांच दिवस जाण्याचे आणि पांच येण्याचे धरले तर राहावयास दिवस कोठून उरणार? तेव्हां भाऊबीजेस अक्का आपल्याकडच्या रीतीप्रमाणें चंद्राला ओंवाळी. भाऊ जवळ नसला म्हणजे चंद्र हाच भाऊ. १९७५ पासून २०२३ पर्यंत अशा एकूणपन्नास भाऊबिजा झाल्या. हा हिशेब माझा नव्हे, तिचा. एका फोनवर तिनें तो सहज सांगितला आणि लगेच लोणच्याच्या मसाल्याकडे वळली. माझ्या मनांत मात्र तो आंकडा रुतून बसला.

२०२४ सालीं मी ठरविलें कीं पन्नासावी भाऊबीज चंद्रास मिळूं द्यावयाची नाहीं. भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. आदल्या दिवशीं पाडवा. तो घरीं करावा असें सौभाग्यवतींचें म्हणणें, आणि तें रास्तच होतें. माझ्या मनांतला हिशेब सोपा. साडेतीन तासांचें अंतर. दोन ठिकाणीं उतरावयाचें म्हणून पांच तास उड्डाणाचे धरूं. मधले दोन थांबे धरले तरी सकाळीं साडेआठला निघालेला माणूस साडेतीनला दिब्रुगडास उतरेल. भाच्यानें फोनवर म्हटलें, "मामा, आदल्या दिवशीं निघा. जोडणी फार घट्ट आहे." शेजारच्या पोरानेंहि तेंच सांगितलें. मी दोघांनाहि म्हणालों, "अरे, हें गणित आहे!" चाळीस वर्षें फळ्यापुढें उभें राहिलेल्या माणसास आपल्या गणितापुढें दुसऱ्याचा अनुभव दिसत नाहीं. शिवाय मीं तिन्ही तिकिटें निरनिराळीं घेतलीं, कारण तशीं तीं थोडीं स्वस्त पडत होतीं.

साडेतीनचाच हट्ट कां? तर सूर्यामुळें. येथें देशांतराचा प्रश्न येतो. प्राचीन ज्योतिष्यांनीं लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा शून्य मानली होती. तिच्यापासून कोल्हापूर दीड अंश पश्चिमेस आणि दिब्रुगड एकोणीस अंशांहून थोडें अधिक पूर्वेस. दोहोंमधील रेखांशांचें अंतर पावणेएकवीस अंश. सूर्य एक अंश चार मिनिटांत ओलांडतो. म्हणजे दिब्रुगडास सूर्य आपल्यापेक्षां ८३ मिनिटें, जुन्या मापानें जवळजवळ साडेतीन घटिका, आधीं येतो आणि आधीं जातो. घड्याळ मात्र साऱ्या देशाचें एकच, ८२॥ अंशांच्या रेखांशावरचें. शिवाय दिब्रुगड अधिक उत्तरेस असल्यामुळें हिंवाळ्याकडे झुकलेला तिथला दिवस आपल्यापेक्षां लहान. परिणामीं नोव्हेंबरच्या आरंभीं कोल्हापुरांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर दिब्रुगडास साडेचारच्या आंतच! म्हणूनच आसामांतील चहाच्या मळ्यांनीं इंग्रजी अमदानीपासून आपलें घड्याळ एक तास पुढें ठेविलें आहे. त्यास तेथें 'बागान टाइम' म्हणतात. साडेतीनला उतरलों तर दिवेलागणीस मी पाटावर बसलेला असेन, असा माझा आडाखा होता.

त्या सकाळीं कोल्हापुरावर ढग खालीं उतरले होते. धावपट्टी दिसेना. हैदराबादेहून यावयाचें विमान आलेंच नाहीं, आणि आलें तें दोन तासांनीं. यांत कोणाचा अपराध? ढगास वेळापत्रक नसतें. मी हैदराबादेस पोंचलों तेव्हां माझें कलकत्त्याचें विमान गेलेलें होतें. खिडकीवरच्या मुलीनें माझीं दोन्ही तिकिटें पाहिलीं आणि नम्रतेनें सांगितलें कीं, आजोबा, हीं एका तिकिटावर असतीं तर पुढची सोय करणें आमच्याकडे होतें. निरनिराळीं असल्यामुळें आमच्या लेखीं तुम्ही वेळेवर आलां नाहींत. तिचें बोलणें बिनतोड होतें. नवें तिकीट काढलें. कलकत्त्यास उतरलों तेव्हां चार वाजावयास आले होते आणि त्या दिवशींचें दिब्रुगडाचें शेवटचें विमान दोन वाजतांच उडालें होतें. पुढचें दुसऱ्या दिवशीं सकाळीं.

भाच्यास फोन केला. त्यानें फोन आईकडे दिला. अक्का म्हणाली, "बरं. जेवलास का?" एवढेंच.

पांचाच्या सुमारास मी पश्चिमेकडच्या मोठ्या कांचेपाशीं बसलों होतों. मांडीवर गुळाची ढेप व करंज्यांचा डबा असलेली पिशवी. सूर्य नुकताच मावळला होता. थोड्या वेळानें त्या तांबूस धुरकट आभाळांत द्वितीयेची कोर दिसूं लागली. तिथि म्हणजे तरी काय? चंद्र सूर्यापासून बारा अंश दूर गेला कीं एक तिथि संपते. बारापासून चोवीस अंशांपर्यंत द्वितीया. त्या दिवशीं द्वितीया रात्रीं दहाच्या सुमारास संपत होती, तेव्हां त्या क्षणीं चंद्र सूर्यापासून बावीस अंशांच्या आसपास असला पाहिजे, असा हिशेब माझ्या मनांत आपोआप झाला. हेच बावीस अंश मीं महिनाभर घोकले होते! दिब्रुगडास तर अर्ध्या तासापूर्वींच दिवे लागले असतील. अक्का गच्चीवर उभी असेल, हातांत निरांजनाचें ताट असेल, आणि ती माझ्याऐवजीं त्याच कोरेला ओंवाळीत असेल. मी तिच्यापासून ८५२ किलोमीटरांवर होतों. जेट विमानाच्या भाषेंत दीड तास. पण त्या घटकेस तें अंतर १९७५ सालीं होतें तेवढेंच होतें. तासाभरानें कोर इमारतींच्या आड गेली. मीं डोळे पुसले कीं चष्मा, तें आतां आठवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं बाराच्या सुमारास दिब्रुगडच्या घरीं पोंचलों. घर सोडल्यापासून तीस तास झाले होते. त्यांत आकाशांत घालविलेले पावणेपांच. दारांत रांगोळी काढलेली होती, किंचित् पुसट झालेली, आदल्या दिवशींची. अक्कानें पाट मांडला. मी म्हणालों, "अक्का, तिथि गेली. आज तृतीया." ती म्हणाली, "पंचांगांतली गेली असेल. काल चंद्राला ओंवाळलं, आज तुला ओंवाळतें. त्याला सवय आहे, तो रागावायचा नाहीं." कुंकू लावतांना तिचा हात थरथरत होता. ती एकाहत्तर वर्षांची, मी सहासष्टांचा. आणि तिनें माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या त्या लहानपणीं टाकी तशाच, मूठ भरून, कानांत जातील अशा.

मी आठ दिवस राहिलों. परत येतांना दोन दिवसांचा अवकाश हातांत ठेविला आणि कलकत्त्यास मुक्काम केला. समोरून वारा असल्यामुळें विमान वीस मिनिटें उशिरा पोंचलें, तरी माझें कांहीं बिघडलें नाहीं.

हें सारें मीं शेजारच्या माउलीस सांगितलें, आणि वाचकांपैकीं ज्यांची मुलें-मुली अशाच दूरच्या गांवीं नोकरीस वा संसारास गेलीं असतील त्यांच्यासाठीं येथें पुन्हां थोडक्यांत सांगतों. फोनवर दिसणारा वेळ हा केवळ उड्डाणाचा भागाकार आहे. जितक्या ठिकाणीं विमान बदलावयाचें तितक्या ठिकाणीं निदान तीन तास मोकळे ठेवा. शक्य तों सारा प्रवास एकाच तिकिटावर असूं द्या. चार पैसे अधिक पडले तरी पुढचें विमान चुकल्यावर दाद मागण्यास जागा राहते. शेवटच्या टप्प्यासाठीं दिवसाचें शेवटचें विमान धरूं नका. लहान गांवांस जाणारीं विमानें थोडीं असतात आणि एक चुकलें कीं रात्र मोडते. पूर्वेकडे जाणारानें घड्याळाबरोबर सूर्यहि पाहावा. आणि ज्या कार्यास तिथि आहे, मग तें लग्न असो, श्राद्ध असो कीं भाऊबीज, त्या कार्यास आदल्या दिवशीं पोंचावें. वडील माणसें लग्नास दोन दिवस आधीं जात तें कांहीं जेवणावळींसाठीं नव्हे.

माउलीनें सर्व ऐकून घेतलें. रिकामी बशी उचलतां उचलतां त्यांनीं विचारलें, "मग दिवाळीस येईल ना हो तो? साडेतीन नसले तरी तीस तासच ना?"

"येईल कीं. पण त्याला सांगा, धनत्रयोदशीलाच नीघ म्हणावें."

"धनत्रयोदशीला? इतक्या लवकर?"

"त्याला धाकटी बहीण आहे ना?" मी म्हणालों.

त्या क्षणभर थांबल्या. मग "सांगतें," एवढेंच म्हणाल्या आणि बशी घेऊन घरीं गेल्या.